ऐंशी रुपयांचे भांडवल

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी वहीची पूजा करतात. माझ्याही कपाटात एक वही आहे. पण तिला हळदकुंकू वाहण्याचे धाडस मला आजवर झालेले नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा शिक्षकांनी मिळून गावात एक सामाईक भांडार काढले होते. हेतू निर्मळ, माणसे सज्जन. तरी चौदा महिन्यांत दाराला कुलूप लागले. त्या भांडाराची ही वही. तिच्यात रोखीपेक्षा उधारीचीच पाने अधिक, आणि त्यांत पहिले नाव माझे!

मग चारचौघांनी मिळून काढलेला धंदा टिकतो तरी कशाने? हा प्रश्न मनात आला, की मला गिरगावातल्या एका गच्चीची हकीकत आठवते.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या लोहाणा निवासातील सात गुजराती गृहिणी त्या गच्चीवर जमल्या. जसवंतीबेन पोपट त्यांतल्याच एक. शिक्षण बेताचे, हाती कला एकच, पापड लाटण्याची. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे कार्यकर्ते छगनलाल पारेख, म्हणजेच छगनबापा, यांच्याकडून त्यांनी ८० रुपये घेतले. देणगी म्हणून नव्हे, कर्जाऊ! पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. हाच पुढे 'लिज्जत' या नावाने घरोघरी पोचलेला पापड.

आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक भारी आणि एक स्वस्त. बापांनी सल्ला दिला, की प्रत एकच ठेवा, तिच्यात कसर नको. आणि हिशेब चोख ठेवा. त्यांनी तो मानला.

पहिल्याच पावसाळ्याने परीक्षा पाहिली. ऊन नाही, तर पापड वाळणार कुठे? चार महिने काम बंद पडले. पण पुढल्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. बाहेर पाऊस कोसळत राहिला आणि आत पापड वाळत राहिले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची झाली.

१९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. सभासद बहिणींची संख्या पुढे ४०,००० च्या वर गेली, पण रीत तीच राहिली. पीठ केंद्रावर मळायचे, म्हणजे चव एक राहते. बहिणीने ते घरी नेऊन लाटायचे, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे. ते पारखून घ्यायचे आणि लाटणावळ चुकती करायची. प्रत्येक बहीण मालकीण. नफा असो वा तोटा, वाटा सर्वांचा.

वाचकहो, आमच्या भांडारात माया कमी नव्हती; पण एकमेकांकडे पैसे मागायची आम्हांला लाज वाटे. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटे नव्हे. गिरगावच्या बहिणींनी भिडेला उंबरठ्याबाहेर ठेवले. चोख हिशेबाने माया आटत नाही; उलट कुणालाही कुणाचे मिंधे राहावे लागत नाही, म्हणून ती टिकते.

भांडार मिटले, पण भागीदार हयात आहेत. यंदा त्यांना माझी बाकी चुकती करीन, आणि मगच ती वही पूजेला मांडीन.