स्पेनचं युद्ध, गव्हाचा भाव आणि आमचा दादा

आमच्या रावेरला जगातल्या कुठल्याही गोष्टीवर मत नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. स्टेशनकडे जाताना चहाच्या टपरीवर दहा मिनिटं उभं राहिलं की युक्रेनपासून रेशनच्या तांदळापर्यंत सगळ्याचा निकाल लागतो. लहानपणी मला याची मजा वाटायची, पुढे शहरात आल्यावर थोडं हसूही यायचं. "केळीच्या बागेत उभं राहून पुतिनला सल्ला देणारी माणसं" असं मी एकदा मित्रांत म्हणालोही होतो. आज त्या वाक्याची लाज वाटते. का, ते सांगतो.

आमचे आजोबा चौदा वर्षांचे असताना फैजपूरची काँग्रेस बघायला पायी गेले होते. रावेरहून सावदा ओलांडलं की फैजपूर. डिसेंबर १९३६. काँग्रेसचं ते पन्नासावं अधिवेशन, आणि खेड्यात भरलेलं पहिलंच. ते फैजपूरला आणण्यात आमच्याच तालुक्यातल्या खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांचा मोठा वाटा होता. फैजपूरचं कॉलेज आज त्यांच्याच नावाने आहे. शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी बांबू आणि गावात मिळेल त्या सामानातून मंडप सजवला होता. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंना बैलांच्या रथातून मिरवत नेलं. आजोबांना शेवटपर्यंत आठवत होते ते बैल! नेहरू काय बोलले, असं विचारलं की म्हणायचे, "कुठल्या तरी लांबच्या लढाईचं बोलले. आपल्याले काय समजते त्यातलं?"

ती लांबची लढाई म्हणजे स्पेनची. जुलै १९३६ मध्ये तिथे यादवी सुरू झाली होती. फैजपूरच्या थंडीत, शेतकऱ्यांच्या त्या गर्दीपुढे, नेहरू स्पेनबद्दल, फॅसिझमबद्दल आणि येऊ घातलेल्या महायुद्धाबद्दल बोलले. स्पेनच्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव झाला. साम्राज्याच्या युद्धात हिंदुस्थान भाग घेणार नाही, असाही ठराव झाला. आणि त्याच मंडपात शेतीचा कार्यक्रमही मंजूर झाला. शेतसारा आणि खंड यात भरीव कपात, न परवडणाऱ्या तुकड्यांना माफी, कर्जाच्या ओझ्यातून सुटका, सहकारी शेती, आणि शेतमजुराला जगता येईल एवढी मजुरी. किसान सभेचं अधिवेशनही तेव्हा तिथेच भरलं होतं आणि मनमाडहून शेतकरी चालत आले होते.

स्पेन आणि शेतसारा एकाच मंडपात! मला हे बरीच वर्षं विचित्र वाटायचं. पुढाऱ्यांना जगाची हौस आणि लोकांना सारामाफीची, म्हणून दोन्ही एकत्र बांधलं असणार, असं वाटायचं.

पण पुढची सात वर्षं बघा. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या कुणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं. १९४२ च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. त्यात बंगालच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने काढून घेतलेल्या नावा, युद्धखर्चाने भडकलेले भाव. १९४३ मध्ये बंगालात वीस ते तीस लाख माणसं भुकेने आणि रोगाने गेली. त्याच वर्षी मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. लांबची लढाई अशी ताटात आली.

पुढे हे वारंवार झालं. १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. आधीच्या वर्षी सुमारे ८.९ कोटी टन असलेलं धान्य ७.२ कोटी टनांवर आलं. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं. आमच्या घरात तो सोमवार आजीने मरेपर्यंत पाळला, आम्ही लहानपणी तो महादेवाचा समजत होतो! १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आलं, त्यातलं बरंचसं अमेरिकेचं, पीएल ४८० खालचं. इंदिराजींनी व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीबद्दल नापसंती दाखवली, तर अध्यक्ष जॉन्सन जहाजं सोडताना हात आखडता घ्यायचे. म्हणजे परदेशातल्या युद्धावर काय मत द्यायचं हेसुद्धा आपल्या गव्हाच्या कोठारावर ठरत होतं. हरितक्रांतीवर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे, मीही करतो, पण ही गोष्ट विसरून करू नये.

१९७२ चा दुष्काळ, ती लाल मिलो ज्वारी आणि सुकडी घरातल्या मोठ्यांना आठवत असेलच. त्यातून आपली रोजगार हमी योजना उभी राहिली. लगेच ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्राएल युद्ध झालं, तेल भडकलं आणि त्यापाठोपाठ खतं.

आता दादाची गोष्ट. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, वयाने मोठा, रावेरला शेती बघतो. केळी मुख्य, फेरपालटाला गहू आणि हरभरा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. जगात गव्हाचे भाव चढले. आपल्याकडे मार्चमध्येच कडक ऊन पडून उत्तरेतला गहू बारीक राहिला. हमीभाव क्विंटलला २,०१५ रुपये होता आणि बाजार त्याच्या वर चालला होता. दादाने गहू थोडा थांबून विकायचं ठरवलं. १३ मे २०२२ ला सरकारने गव्हाची निर्यात बंद केली.

मी त्या दिवशी घरच्या ग्रुपवर उत्साहाने लिहिलं की हा योग्य निर्णय आहे, आधी देशाचं पोट भरलं पाहिजे. त्याखाली बंगालचा दुष्काळ वगैरेही लिहिलं. खूप अंगठे आले. दादाचा मात्र चार दिवसांनी फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

"तुले काय जातं बोलाले? केयीले पोटॅश लागते, ते बाहेरून येते. पोतं हजाराचं सतराशेले गेलं, तेव्हा ग्रुपवर कोनी काही लिहिलं नाही. आता मह्या गव्हाले जरा भाव भेटत होता, तर देशाचं पोट आठवलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोटॅशचं तर खरंच होतं. आपल्याकडचं सगळं म्युरेट ऑफ पोटॅश आयात होतं आणि रशिया-बेलारूस हे त्याचे मोठे उत्पादक. युद्धाचा महाग भाग त्याच्याकडे आला आणि फायद्याचा भाग यायच्या आत दार बंद झालं. ते दार बंद झाल्यावर मी टाळ्या वाजवल्या, कारण माझा गहू मॉलमधून येतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. दादाच्याच बागेत घड उतरवायला येणारी जी माणसं आहेत, त्यांच्या घरची पोळी रेशनच्या गव्हाची आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो, जानेवारी २०२३ पासून फुकट, देशभरात सुमारे ८० कोटी लोकांना. सरकारी कोठार रिकामं झालं तर पहिला फटका त्यांना. त्या दिवाळीत बांधावर बसून मी दादाला हे म्हणालो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ते खरं आहे. त्यांचं पोट भरलंच पाह्यजे. पन त्याचे पैसे एकट्या मह्या खिशातून कशाले?"

फैजपूरच्या ठरावात शेतकऱ्याचा सारा आणि मजुराची मजुरी एकाच कार्यक्रमात होती. मला वाटतं, तिथे बसलेल्यांना हा ताण दिसत होता. आपण मात्र एक टोक धरतो आणि त्याला देशहित म्हणतो.

जून २०२५ मध्ये इस्राएल आणि इराणचं बारा दिवस युद्ध झालं, तेव्हा मी मत दिलं नाही. दादाला फोन केला. रावेरची केळी कंटेनरने आखाती देशांत आणि इराणकडेही जाते. तर दादा म्हणाला, टपरीवर सकाळपासून होर्मुझची सामुद्रधुनी चालू आहे! या वेळी मी हसलो नाही. त्या टपरीवरची माणसं पुतिनला सल्ला देत नव्हती, आपल्या घडाचं काय होणार ते विचारत होती.

असो. आजोबांना मात्र सांगायचं राहून गेलं की ते नेहरूंचं भाषण त्यांच्याच ताटाबद्दल होतं. घरात कुणाकडे फैजपूरच्या अजून काही आठवणी असतील तर जरूर कळवा. बैलांच्यासुद्धा चालतील.