संहिता, संकेत आणि एडिटर : नाणेघाटाच्या निमित्ताने

वाङ्मयेतिहासात लेखनसाधनांचा विचार आपण सहसा बोरू, शिळाप्रेस आणि खिळा इथवर आणून थांबवतो. संगणकावर मराठी लिहिण्याचे साधन हा मात्र तंत्रज्ञांचा विषय मानला जातो. वस्तुतः टेक्स्ट एडिटरची निवड हा पाठचिकित्सेचाच प्रश्न आहे. पुढच्या अभ्यासकाला संहिता वाचता येईल की नाही, हे तिच्यावर अवलंबून असते. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या संदर्भात प्रस्तुत लेखात हा प्रश्न तपासावयाचा आहे.

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेशी निगडित असा ब्राह्मी लेख आहे. त्याची भाषा प्राकृत असून त्यात यज्ञांचे, दक्षिणांचे आणि त्यांच्या संख्यांचे उल्लेख आहेत. लेख ठिकठिकाणी झिजला आहे, तरी तो वाचता येतो. कारण त्यातील चिन्हव्यवस्था कोणा एका कोरक्याच्या मालकीची नव्हती. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी सांचीच्या दानलेखांच्या शेवटी वारंवार येणारा ‘दानं’ हा शब्द ओळखला आणि ब्राह्मीची उकल होत गेली. ती किल्ली नाणेघाटालाही लागू पडली.

याच्या अगदी उलट अनुभव मला स्वतःच्या संकलनात आला. १९९६ मध्ये या दोन तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगरी गावांत मी जात्यावरच्या ओव्या टिपल्या आणि एका टंकलेखन केंद्रातून त्या संगणकावर उतरवून घेतल्या. ओव्या छापून ठेवल्या. उच्चारांविषयीच्या टिपा मात्र फाइलीतच राहिल्या. बारा वर्षांनी फाइल उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा निरर्थक खच होता. मूळ फाँट कोठेच मिळेना. ओव्या सांगणाऱ्यांपैकी काही जणी डिंभे धरणाच्या जलाशयात गेलेल्या वस्त्यांतल्या होत्या. ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिले, तेही त्याच जलाशयात गेले आहे. त्यांना पुन्हा गाठून विचारणे आता शक्य नव्हते.

असे का घडले, याचे उत्तर चिन्हमीमांसेत सापडते. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकाने संकेतांक दिला तो अक्षराला, त्याच्या आकाराला नव्हे. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने त्यावर आधारलेली साधनेही घडवली. परंतु तेव्हा छपाईसाठी रूढ असलेल्या परदेशी प्रणालींना देवनागरीची जोडाक्षरे जुळवता येत नसत. म्हणून फाँट करणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले, तेही प्रत्येकाने आपापल्या क्रमाने. ‘शिवनेरी’ हा शब्द इस्कीमध्ये श आणि नंतर इकार अशा उच्चारक्रमाने साठवला जातो. बऱ्याच फाँटांत मात्र डोळ्यांना आधी दिसणारी वेलांटी आधी, मग अर्धा श, मग काना. म्हणजे अक्षर बाजूला राहून त्याचे दृश्यरूप तेवढे जतन झाले.

येथे टेक्स्ट एडिटर उपयोगी पडला. शब्दसंस्कारक मजकूर सजवून दाखवतो; एडिटर साठवलेला चिन्हक्रम जसाच्या तसा पुढे ठेवतो. १९७६ मध्ये घडलेले व्हीआय आणि ईमॅक्स हे प्रोग्रॅमरांचे एडिटर याच तत्त्वावर उभे आहेत. छापील ओव्या शेजारी ठेवून, वारंवार येणाऱ्या ‘बाई’ या शब्दापासून मी चिन्हांची संगती लावत गेलो. शोधा-बदला ही आज्ञा सोपी वाटते; पण मोठे चिन्हगट आधी बदलले नाहीत, किंवा वेलांटी संपूर्ण जोडाक्षराच्या पुढे नेली नाही, तर पाठ नव्याने भ्रष्ट होतो. एडिटरवरील प्रभुत्व म्हणजे हा विवेक होय.

आज युनिकोड सार्वत्रिक झाल्यामुळे हा प्रश्न मिटला, असे म्हणता येईल काय? दृश्यकवितेमुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या र. कृ. जोशी यांनी रेखलेला मंगल फाँट विंडोज २००० बरोबर आला आणि कोणत्याही साध्या एडिटरात मराठी लिहिणे शक्य झाले. तरीही ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील भेद ज्या ‘ऱ्य’वर उभा आहे, तो दोन प्रकारे साठवता येतो : ऱ या स्वतंत्र अक्षराने, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात. शोध घेताना मात्र एकाने दुसरे सापडेलच असे नाही. ‘दऱ्या’ हा शब्द एखाद्या संकलनात किती वेळा येतो, यासारख्या साध्या प्रश्नाचे उत्तरही त्यामुळे चुकू शकते. म्हणून सार्वजनिक संकेत वापरणारे आणि साठवलेला क्रम तपासू देणारे साधन निवडणे, ही संशोधकाची पहिली जबाबदारी ठरते.

माझ्या टिपा बहुतांशी परत मिळाल्या. दोन चिन्हे मात्र छापील ओव्यांत कोठेच आलेली नसल्याने अजून उकललेली नाहीत. त्या जागी मी चौकटी कंस घातले आहेत. झिजलेल्या शिलालेखांचे संपादकही तेच करतात.