भोंगा, हवा आणि नळीचा गळा

काही वर्षांपूर्वी एका विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही उभ्या ट्रकवर आगगाडीचा जुना भोंगा बसवला होता. हवेची टाकी भरली. दाबमापकाचा काटा दर चौरस इंचाला १२० पौंडांवर स्थिर झाला. मुले कानांवर हात ठेवून सज्ज झाली. झडप उघडली, आणि भोंग्यातून घसा बसल्यासारखा आवाज आला! टाकीत दाब होता, भोंगाही शाबूत होता. दोष होता तो दोहोंना जोडणाऱ्या, पेन्सिलीपेक्षाही बारीक नळीत. नळी आणि तिचे जोड निवडणे हे मिस्त्रीचे काम वाटते खरे; पण त्यामागे सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. आणि तो भोंग्यापासून नव्हे, तर ब्रेकपासून सुरू होतो.

१८६० च्या दशकात आल्प्स पर्वतात मों-सनी बोगद्याचे काम चालू होते. खडक फोडणारी यंत्रे तेथे दाबलेल्या हवेवर चालत, आणि ती हवा लांबवरून नळांतून आणली जाई. ही हकीकत जॉर्ज वेस्टिंगहाउस या तरुण अमेरिकन संशोधकाने एका मासिकात वाचली. हवा नळातून इतक्या दूर जाऊन खडक फोडू शकते, तर ती गाडीचे ब्रेक का लावू शकणार नाही? १८६९ साली त्याने हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. इंजिनावर हवा दाबणारा पंप आणि टाकी, तेथून सर्व डब्यांखालून जाणारा नळ, आणि दोन डब्यांमध्ये रबरी नळी व तिचे जोड अशी त्याची रचना होती.

या रचनेत एक मोठी उणीव होती. ब्रेक लावण्यासाठी नळात हवा भरावी लागे. एखादा जोड निखळला की हवा निघून जाई आणि ब्रेक लागतच नसत. १८७२ साली वेस्टिंगहाउसने ही कल्पना उलटी केली. नळ सतत भरलेला ठेवायचा. प्रत्येक डब्याला स्वतःची छोटी टाकी आणि एक विशेष झडप द्यायची. नळातला दाब उतरला की ब्रेक लागतात. म्हणजे जोड तुटला तर गाडी आपोआप थांबते.

या बदलाचे मोल आयर्लंडमधील आर्मा येथे १२ जून १८८९ रोजी कळले. तेथील गाडीला निर्वात ब्रेक होते, पण ते स्वयंचलित नव्हते. चढावर अडकलेली गाडी मधोमध तोडताच मागच्या डब्यांचे ब्रेक सुटले. डबे उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सहलीला निघालेल्या मुलांसह सुमारे ८० जणांचा बळी गेला. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले.

तिकडे अमेरिकेत १८८६ व १८८७ साली बर्लिंग्टन येथे ५० डब्यांच्या मालगाड्यांवर ब्रेकच्या चाचण्या झाल्या. पुढच्या डब्यांचे ब्रेक लागत, पण दाब उतरल्याची वार्ता सुमारे अर्धा किलोमीटर मागे पोहोचेपर्यंत मागचे डबे पुढच्यांवर धडकत. वेस्टिंगहाउसने झडप सुधारली आणि हवेचा मार्गही मोकळा केला. पुढे अमेरिकन मालगाड्यांत सव्वा इंची नळ रूढ झाला. पंप कितीही ताकदवान असो, हवेचे काम ती कोणत्या वाटेने जाते यावर ठरते, हा धडा अभियंते येथे शिकले.

आता भोंग्याकडे वळू. वाफेच्या इंजिनाची शिटी बॉयलरमधल्या वाफेवर वाजे. डिझेल इंजिने आली आणि शिटीची वाफ गेली. पण ब्रेकसाठी दाबलेली हवा तेथे होतीच. तिच्यावरच भोंगा बसवला गेला. भोंग्यातला पातळ धातूचा पडदा हवेच्या दाबाने उचलला जातो, हवा कर्ण्यात निसटते, दाब घटतो, पडदा परत बसतो. हे सेकंदाला शेकडो वेळा घडते. सुरुवातीचे भोंगे एकाच सुराचे होते. फाटकाजवळ आलेल्या मोटारचालकांना तो ट्रकचा भोंगा वाटे आणि अपघात होत. म्हणून कॅनडातील रॉबर्ट स्वॉन्सन यांनी जुन्या शिट्यांचा अभ्यास करून अनेक सुरांचे भोंगे घडवले. एका सुराऐवजी पाच सूर म्हणजे पाच पडदे, आणि हवेची भूकही त्या मानाने मोठी.

ही भूक भागवायची तर नळीचे माप नीट वाचता आले पाहिजे, आणि येथे इतिहास पुन्हा आडवा येतो. शाळेतल्या अर्ध्या इंची लोखंडी पाइपाचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजा. तो सुमारे २१ मिलिमीटर भरेल, आणि अर्धा इंच म्हणजे तर १२.७ मिलिमीटर! जुन्या पाइपांत अर्धा इंच हा आतला व्यास मानत. पुढे भिंती पातळ झाल्या, पण आटे जुळावेत म्हणून बाहेरचे माप तसेच राहिले. नायलॉनच्या नळीचे माप मात्र बाहेरून सांगतात. आटेही दोन घराण्यांचे आहेत. व्हिटवर्थच्या १८४१ च्या पद्धतीतून आलेल्या ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंश, तर ब्रिग्ज यांच्या १८८६ साली स्वीकारलेल्या अमेरिकन पाइप-आट्याचा ६० अंश. अर्ध्या इंचाला दोन्हींत इंचामागे १४ च आटे असतात. त्यामुळे अमेरिकन भोंग्यात आपल्याकडचा निपल फिरतो, बसल्यासारखा वाटतो आणि हळूहळू गळत राहतो. टेप गुंडाळून हा फरक बुजत नाही.

आता थोडे गणित. पाव इंची नायलॉन नळीचा आतला व्यास सुमारे ४.३ मिलिमीटर, अर्ध्या इंचीचा ९.५. व्यास २.२ पट, तर छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ४.९ पट. वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब-ऱ्हास, प्रवाह तेवढाच धरल्यास, व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे बारीक नळीत तो सुमारे ५० पट! आमच्या काट्याने फसवले ते यामुळेच. हवा वाहत नसताना दाबाचा ऱ्हास होतच नाही. खरा दाब मोजायचा तो भोंग्याच्या तोंडाशी, भोंगा वाजत असताना. नळी जाड घेऊनही झडपेचे आतले छिद्र लहान असेल, तर तेच सगळ्या वाटेचा गळा ठरते. झडप भोंग्याजवळ ठेवावी, म्हणजे तिच्यापर्यंतची नळी आधीच भरलेली राहते. काटकोनी एल्बो जितके कमी तितके बरे.

पण सर्वांत महत्त्वाची निवड टाकीची. ट्रकचे ब्रेकही हवेवरच चालतात. भोंग्याची नळी थेट ब्रेकच्या टाकीला जोडली, तर तिची गळती ही ब्रेकची गळती होते. म्हणून भोंग्याला वेगळी टाकी हवी, आणि दाब ठरावीक मर्यादेखाली उतरताच तिची वाट बंद करणारी संरक्षक झडप हवी. अमेरिकेत इंजिनाच्या भोंग्याचा आवाज समोर १०० फुटांवर ९६ ते ११० डेसिबल असावा लागतो, कारण आगगाडी वळून वाट देऊ शकत नाही. ट्रक वळू शकतो, थांबू शकतो. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी एकामागून एक वेगळे सूर काढणारे आणि कर्कश, दचकवणारे भोंगे वाहनांवर बसवण्यास मनाई केली आहे, ती उगीच नव्हे.

वर्गात एवढे करून पाहा. दोन सारखे फुगे फुगवा. एकाच्या तोंडाला जाड स्ट्रॉ आणि दुसऱ्याला बारीक स्ट्रॉ बांधा. बोट काढून दोन्ही एकदम सोडा आणि रिकामे होण्यास लागलेला वेळ मोजा. फुगे सारखे, दाब सारखा, मग फरक कशाने पडला, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या. आम्हाला ते कळायला ट्रकभर सामान आणि एक फजिती लागली होती.