मूळपणाचं मोल: जुन्या ब्रिटिश मोटरसायकली आणि आपण

तेरखेड्यात ब्रिटिश मोटरसायकलींवर बोलायचं म्हणजे काहींना नवल वाटेल. पण धागा आहे. आपलं गाव शोभेच्या दारूसाठी ओळखलं जातं आणि या गाड्यांच्या दोन मोठ्या कारखान्यांचं नातं बंदुकीच्या दुनियेशी. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली बंदूक-कारागिरांनी काढलेली कंपनी. रॉयल एनफिल्डच्या चिन्हात तर तोफच आहे.

दुसऱ्या महायुद्धात बीएसएने एम-२० ही गाडी सव्वा लाखाच्या आसपास बनवली. युद्ध संपल्यावर अशा लष्करी गाड्या लिलावातून सामान्य माणसांच्या हाती आल्या. पुढे १९५५ साली मद्रासमध्ये बुलेटची जुळणी सुरू झाली आणि १९६२ पर्यंत तिचे सगळे भाग इथेच बनू लागले. म्हणून जुनी बुलेट समोर आली की आपला पहिला प्रश्न असतो: ही रेडिचची की मद्रासची?

आता मोल कसं ठरवायचं? दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या. एक अवस्था, दुसरा मूळपणा. गाडी किती चकचकीत आहे, एका किकमध्ये सुरू होते का, ही अवस्था. कारखान्यातून निघालेलं इंजिन, चेसिस, टाकी, रंग यांतलं किती टिकलंय, हा मूळपणा. अवस्था पैसे खर्चून सुधारता येते. मूळपणा मात्र एकदा गेला की गेला, तो कुठल्याच गॅरेजात मिळत नाही.

उदाहरण घ्या. लष्करी एम-२० कारखान्यातूनच मातकट रंगात निघाली. क्रोमची झळाळती टाकी तिला कधी नव्हतीच. आज कुणी तिला क्रोम चढवला तर ती देखणी दिसेल, पण खोटं बोलेल. उलट बाजूही पाहू. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये एका कोठारात अनेक दशकं पडून राहिलेल्या आठ ब्रफ सुपीरिअर गाड्या सापडल्या. गंजलेल्या, काही सुट्या भागांत. २०१६ च्या लिलावात त्यांतली एक ३,३१,९०० पौंडांना गेली. ते मॉडेल मुळात दहाच बनलं होतं, हे खरं. पण गंज आडवा आला नाही, हेही खरंच.

मग विचाराल, टायर, चेन, ब्रेक बदलायचेच नाहीत का? जरूर बदला. झिजण्यासाठीच असलेले भाग बदलल्याने गाडीची ओळख जात नाही. मग ओळख कशात असते? नागसेनाने मिलिंद राजाला हेच विचारलं होतं: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? ‘रथ’ हे भागांच्या जुळणीला दिलेलं नाव, असं त्याचं उत्तर. बाजारात ते नाव धरून ठेवतात तीन गोष्टी: चेसिसचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि कागद. काही कारखान्यांत दोन्ही क्रमांक वेगळे असत. तेव्हा कारखान्याच्या नोंदवहीतली जोडी पाहावी लागते.

२०२१ साली केंद्र सरकारनेही जवळपास हीच रेषा आखली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चेसिस-इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’. आधीच नोंद असेल तर जुना क्रमांक ठेवता येतो.

आपल्या भागात त्या क्रमांकाला जास्तच अर्थ आहे. एकाच वाड्यात उभी राहिलेली गाडी आधी हैदराबाद राज्यात होती, १९५६ नंतर मुंबई राज्यात, १९६० नंतर महाराष्ट्रात. घर तेच, राज्यं तीन. जुनं नोंदणीपुस्तक म्हणजे मराठवाड्याचा छोटा दस्तऐवजच. ते रद्दीत गेलं, की व्यापाऱ्यासाठी गाडी भंगाराच्या भावाची होते आणि घराचा इतिहासही त्याच भावाने जातो.

तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या मृण्मूर्तींना आपण ऑइलपेंट लावत नाही. मग आजोबांच्या गाडीला एवढी घाई का? गॅरेजात नेण्याआधी दोन्ही क्रमांक लिहून ठेवा, फोटो काढा. काढलेला प्रत्येक जुना भाग पोत्यात बांधून माळ्यावर टाका. नवा रंग केव्हाही देता येईल. खरवडलेला जुना रंग परत आणता येणार नाही.