प्रस्तावना: क्रियापदांचा शेजार

एका विद्यार्थिनीने वहीत लिहिले होते, 'थीव्ज रॉब्ड माय मदर्स मंगळसूत्र.' मी 'रॉब्ड' खोडून वर 'स्टोल' लिहिले. तिने कोश पुढे केला. त्यात 'रॉब'पुढे 'लुटणे' असा अर्थ होता, आणि मंगळसूत्र लुटले असे आपण बिनदिक्कत म्हणतो. "मग सर, चुकले कुठे?" "इंग्रजीत तसे म्हणत नाहीत," एवढेच मला सांगता आले. उत्तर खोटे नव्हते, पण शिक्षकाला शोभणारेही नव्हते. हे पुस्तक म्हणजे त्या दिवसाची उधारी.

ती आधी चुकती करतो. 'स्टील'चे कर्म म्हणजे चोरीला गेलेली वस्तू. 'रॉब'चे कर्म म्हणजे नागवला गेलेला माणूस, नाहीतर दुकान, बँक. मराठी 'लुटणे' दोन्हीकडे चालते: वाटसरूला लुटतात आणि दसऱ्याला सोनेही लुटतात. कोशातला एका शब्दाचा अर्थ पाठ करून हा फरक हाती लागत नाही. क्रियापदाने कर्म कोणते घेतले, ते पाहावे लागते.

समानार्थी शब्द जमवण्याचा इंग्रजांना जुना छंद. हेस्टर पिओझी यांचे 'ब्रिटिश सिनॉनिमी' 1794 सालचे, रॉजे यांचा 'थिसॉरस' 1852चा. रॉजे शब्दांना एका पंगतीत बसवतात, पण कोणाचे कोणाशी जमत नाही ते सांगत नाहीत. त्यामुळे नवशिक्याच्या हाती तो ग्रंथ थोडा धोक्याचाच. परभाषिकाची अडचण नेमकी ओळखली ए. एस. हॉर्न्बी यांनी. जपानात शिकवत असताना सहकाऱ्यांबरोबर त्यांनी केलेला कोश 1942 साली तिथेच निघाला. कोणते क्रियापद कोणत्या वाक्यरचनेत बसते, याची नोंद त्यात होती. पुढे चार्ल्स फिलमोर यांचा 'हिट' आणि 'ब्रेक' यांवरचा निबंध 1970 साली आला आणि 1993 साली बेथ लेविन यांनी 3,000हून अधिक क्रियापदांची वर्गवारी मांडली. 'द विंडो ब्रोक' चालते, 'द विंडो हिट' चालत नाही. 'ब्रेक' वस्तूचे काय झाले ते सांगते. 'हिट' फक्त आघात सांगते, मग काच फुटो वा न फुटो.

अशा बारकाव्यांना मराठी माणसाने बिचकायचे कारण नाही. दोरी तुटते, काच फुटते, काठी मोडते, कापड फाटते. 'दोरी फुटली' असे आपल्याकडचे पाच वर्षांचे पोरही म्हणणार नाही. इंग्रजीतले कित्येक फरक मराठीतही आहेत, फक्त वेगळ्या जागी. 'हियर' म्हणजे ऐकू येणे, 'लिसन' म्हणजे कान देऊन ऐकणे. 'सी' पुष्कळदा दिसणे असते, 'लुक' बघणे. पण मराठीत 'मला दिसले', तर इंग्रजीत 'आय सॉ'. कर्त्याचे रूप बदलल्यामुळे ओळख पटत नाही. 'पुट ऑन' आणि 'वेअर' यांतला भेद तर आपण नुसत्या 'आहे'ने करतो: ती साडी नेसली, ती साडी नेसली आहे.

कधी मात्र मराठीच पाय ओढते. 'तो मला म्हणाला' हे शुद्ध मराठी, म्हणून 'ही सेड मी' तोंडात येते. 'टेल'ला ऐकणारा माणूस लगेच पुढ्यात लागतो. 'से'ला त्याच्यावाचून अडत नाही, आणि माणूस आणायचाच तर मध्ये 'टू' घालावा लागतो. या जोडीला मी पुस्तकात सर्वांत जास्त पाने दिली आहेत. 'बिगिन' आणि 'स्टार्ट' दीड पानात उरकले: मोटार 'स्टार्ट' करतात, 'बिगिन' करत नाहीत, बाकी बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतात.

सगळ्याच रेघा अशा ठळक नाहीत. थिएटरात जाऊन सिनेमा पाहिला की सहसा 'सी', घरी टीव्हीवर पाहिला की 'वॉच', असे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो. आता मुले तोच सिनेमा लोकलमध्ये मोबाइलवर, तीन हप्त्यांत पाहतात. त्या प्रकरणातली रेघ मी पेन्सिलीने ओढली आहे.