दोषनिश्चिती की प्रतिबंध? : एव्हलेथ येथील विमान अपघात (२००२) व त्याची चौकशी

प्रस्तावना :
विमान अपघाताची चौकशी म्हणजे अपराध्याचा शोध, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टानुसार मात्र चौकशीचा एकमेव हेतू अपघात टाळणे हा असून दोष वा उत्तरदायित्व ठरविणे हा नाही. या भेदाचे महत्त्व अमेरिकेतील एका घटनेच्या आधारे तपासता येते.

घटना :
२५ ऑक्टोबर २००२ रोजी मिनेसोटा राज्यातील एव्हलेथ-व्हर्जिनिया विमानतळावर उतरू पाहणारे किंग एअर ए-१०० हे भाडोत्री लघुविमान धावपट्टीच्या सुमारे ३ किलोमीटर अलीकडे कोसळले. सिनेटर पॉल वेलस्टोन, त्यांची पत्नी व कन्या यांसह आठही जण मृत्युमुखी पडले. निवडणूक अवघ्या ११ दिवसांवर होती आणि सिनेटमधील बहुमत पणाला लागले होते. साहजिकच घातपाताचा संशय व्यक्त झाला.

चौकशी :
राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळापुढील मुख्य अडचण अशी की, विमानात संभाषण अथवा उड्डाणाची नोंद करणारे यंत्र नव्हते. त्यामुळे रडारच्या नोंदी, अवशेष व हवामान यांवरच भिस्त ठेवावी लागली. ढग खाली उतरले होते आणि हवामान बर्फ साचण्यास अनुकूल होते. परंतु बर्फाचा विमानाच्या कामगिरीवर लक्षणीय परिणाम झाला नव्हता, असे मंडळास आढळले. रडारच्या नोंदींवरून वेग सतत घटत अखेरीस सुमारे ७६ नॉटपर्यंत उतरल्याचे दिसले. एवढ्या कमी वेगात पंखांना विमानाचा भार पेलता आला नाही. वैमानिकांनी पुरेसा वेग न राखणे हे संभाव्य कारण मंडळाने नोव्हेंबर २००३ मध्ये नोंदविले.

तथापि मंडळ तेथेच थांबले नाही. वैमानिकांना परस्पर-समन्वयाचे प्रशिक्षण अपुरे मिळाल्याचे त्याने दाखविले. असे प्रशिक्षण भाडोत्री सेवांना सक्तीचे करावे आणि घटत्या वेगाची सूचना देणाऱ्या यंत्रणेचा अभ्यास व्हावा, अशा शिफारशी केल्या. प्रशिक्षणाचा नियम २०११ मध्ये संमत झाला.

निष्कर्ष :
दोन्ही वैमानिकांचे वेगाकडे दुर्लक्ष का झाले, हे ध्वनिमुद्रणाअभावी निश्चित सांगता येत नाही. ही या चौकशीची मर्यादा होय. अहवालानंतरही घातपाताची चर्चा मावळली नाही. तरीही मृत वैमानिकांवर दोष ठेवून प्रकरण मिटविले असते, तर प्रशिक्षणातील उणीव तशीच राहिली असती. चौकशीचे मूल्य तिच्या निर्णयापेक्षा तिच्यामुळे घडलेल्या सुधारणेत अधिक आहे.