मशेरी ‘बाळंतपणानंतर’ का नाही, आत्ताच का

गरोदर बाईची मशेरी सोडवायला जाऊ नये, असे मानणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांत सासवा-जावा आहेत, तसेच शिकलेसवरलेलेही. त्यांचे म्हणणे आधी सरळ मांडतो. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेल्या तंबाखूची पूड. ती दातांना लावायची, चूळ भरायची, संपले. धूर नाही, झिंग नाही. ती लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. ऐन गरोदरपणात ती बंद केली तर डोके दुखते, जीव कासावीस होतो आणि त्याचा त्रास बाळाला पोचतो; तेव्हा बाळंतपणानंतर बघू. शिकलेले यात भर घालतात : मशेरी लावणाऱ्या बायका बहुतेक गरीब, अंगात रक्त कमी, पोटाला अन्न कमी. बाळ त्याने अशक्त होते, मशेरीला कशाला दोष द्यायचा?

हा शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार, म्हणून आधी तोच घेतो. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा बाळंतपणापर्यंत मागोवा घेतला. तो अभ्यास २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्यांतल्या सुमारे १७ टक्के स्त्रिया बिनधुराची तंबाखू वापरत होत्या, आणि बहुतेकींची ती मशेरीच. त्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. आईचे वय, शिक्षण, आर्थिक स्थिती, वजन, रक्तक्षय हे सारे हिशेबात धरल्यावरही कमी वजनाच्या बाळाचा धोका मशेरीवाल्यांत जास्तच राहिला. तरीही कुणी म्हणेल, गरिबी अशी मोजून वजा करता येत नाही. मान्य. मग स्वीडनकडे पाहा. तिथल्या बायका ‘स्नूस’ नावाची ओली तंबाखू ओठाआड ठेवतात. त्या सुपोषित आहेत, त्यांना उत्तम प्रसूतिसेवा मिळते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात स्नूसवाल्या आयांची बाळे सरासरी ३९ ग्रॅमने हलकी होती, आणि मुदतीआधीच्या प्रसूती त्यांच्यात अधिक होत्या. गरिबी वगळल्यावर नुकसानीचा आकडा लहान होतो, पण नाहीसा होत नाही.

१०५ ग्रॅम म्हणजे फार का? जे बाळ तीन किलोचे झाले असते त्याला नसेल. पण आपल्याकडे असंख्य बाळे अडीच किलोच्या रेषेच्या आसपास जन्मतात. तिथे एवढी घट बाळाला रेषेखाली ओढायला पुरते.

धूर नसल्याचा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. मशेरी लावताना काही जळत नाही, त्यामुळे विडीतला कार्बन मोनॉक्साइड यातून येत नाही. निकोटीन मात्र हिरडीतून रक्तात उतरते, वारेतून बाळापर्यंत जाते आणि रक्तवाहिन्या आकुंचित करते. झिंग येत नाही म्हणून व्यसन नाही, असेही नाही. तलफ येते, न मिळाल्यास डोके दुखते, यातच उत्तर आहे.

राहिले पोट. ही तक्रार खोटी नाही, आणि ती हसण्यावारी नेणारा डॉक्टर पहिल्याच भेटीत बाईचा विश्वास गमावतो. निकोटीन आतड्याला चालना देते. त्यातच गरोदरपणाने आणि रक्तवाढीच्या गोळ्यांनी पोट आणखी जड होते, मग मशेरी वाढली तर नवल काय! तेव्हा ‘सोड’ म्हणण्याआधी पोटाची सोय करावी लागते : भरपूर पाणी, पालेभाजी, लागल्यास गरोदरपणात चालणारे सौम्य रेचक. सोडल्यावरचा त्रास पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. हा त्रास आईला होतो. तो टाळण्यासाठी बाळाला महिनोन्‌महिने निकोटीन पाजत राहणे हा उपाय नव्हे.

उपचार म्हणजे औषधे, आणि ती गरोदरपणी नकोत, मग करणार काय, असेही विचारले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली तंबाखूविषयी दिलेल्या शिफारशींत गरोदर स्त्रीसाठी भर समुपदेशनावर आहे. प्रत्येक तपासणीत विचारावे, असे त्या सांगतात. पण ‘तंबाखू खाता का?’ एवढ्यावर आपल्या बायका ‘नाही’ म्हणतात, आणि त्या खोटे बोलत नसतात. मशेरीचे नाव घेऊनच विचारायला हवे. दिवसातून कितीदा, उठल्या उठल्या की जेवणानंतर, घरात आणखी कोण लावते, हेही. सासूची डबी समोर असताना सुनेने एकटीने सोडावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. ओरडून, लाजवून विचारले तर बाई पुढच्या वेळी लपवील, कदाचित तपासणीलाच येणार नाही.

आणि ‘बाळंतपणानंतर’ तरी काय होणार? निकोटीन दुधातही उतरते. ज्या सोडतात त्यांच्यातल्याही अनेकजणी माहेरी, बाळंतिणीच्या खोलीत, पुन्हा लावू लागतात. म्हणून हाच प्रश्न बाळाच्या पहिल्या लसीकरणालाही विचारला गेला पाहिजे, आणि तिथे उत्तर ‘हो’ आले तर समुपदेशन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले पाहिजे.